शटर नसलेले दुकान

फजिती ही चारचौघांतच व्हावी लागते. एकट्याने घरात बसून केलेल्या चुकीला कोणी फजिती म्हणत नाही. माझी फजिती झाली ती एका चर्चासत्रात, भरल्या सभागृहात, आणि तीही मी अगदी ऐटीत असताना!

विषय लोकसाहित्याचा होता. मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी २०११ सालापासून आमच्या दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद या भागातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. काम काही फार मोठे नव्हे. या क्षेत्रातले मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी करून ठेवलेच आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या २०१७ सालापासून ‘पारी’ या संकेतस्थळावर येत राहिल्या. त्या डोंगरापुढे आमचा हा वारुळाएवढा ढीग! पण आपल्या शेतातले चार दाणेही माणूस जपतो. एका स्नेह्याने या ओव्यांचे एक संकेतस्थळ बनवून दिले होते. काही ओव्यांचे ध्वनिमुद्रणही त्यावर होते. बायकांचे थकलेले आवाज, मागे कुठे कोंबडा आरवतोय, कुठे नातू रडतोय, असा सगळा संसार त्यात होता.

तर मी व्यासपीठावरून म्हणालो, “आता आपण प्रत्यक्षच ऐकू या.” संयोजकांच्या मुलाने पत्ता टंकला. पडद्यावर पान उमटले. आणि त्या पानावर ओव्यांच्या जागी पत्ते नाचू लागले. राजा, राणी, गुलाम! ‘आजच रमी खेळा’ असे निमंत्रण, आणि शेजारी नोटांचा पाऊस. सभागृहात आधी शांतता, मग एक खसखस, आणि मग जे हसू पिकले ते भोजनापर्यंत पुरले. एक ज्येष्ठ प्राध्यापक जेवताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “लोकसाहित्यच आहे हो हे. लोक हेच वाचतात हल्ली!”

मी हसलो खरा. पण घास उतरला नाही. त्या ओव्या सांगणाऱ्यांपैकी कितीतरी म्हाताऱ्या आता या जगात नाहीत.

परत आल्यावर कोणाकडे जावे हा प्रश्नच नव्हता. माझी एक जुनी विद्यार्थिनी दिग्रसमध्येच संकेतस्थळे बनवण्याचा धंदा करते. बी. ए. ला तिचे मराठी माझ्याकडे होते. पुढे तिने हे तंत्र शिकून घेतले, दोन वर्षे पुण्यात नोकरी केली आणि परत गावी आली. वडिलांचे बाजारात कृषी केंद्र आहे. बियाणे, खते, फवारणीचे पंप. त्या दुकानाच्या माडीवर एका खोलीत तिचे बस्तान. खाली कपाशीच्या बियाण्याच्या पिशव्या, वर ही.

जिना चढण्याआधीच वडिलांनी मला गाठले. कोपऱ्यात नेले, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि हळूच म्हणाले, “सर, तुमचं ते आयकते. सांगा तिले, पुण्याले नोकरी कर म्हना. इथं तिचं दुकान ना बोर्ड, गिऱ्हाईक येते ना जाते. दुकान म्हंजे कसं, सकाई शटर वर गेलं पायजे, संध्याकाई खाली आलं पायजे. हिचं शटरच नाई! पैसा येते म्हंते ते, पन मले काई दिसत नाई.”

मी मान डोलावली. खरे म्हणजे मलाही ते थोडे पटले होते. सुताराकडे गेलो तर रंधा दिसतो, पटाशी दिसते, भुसा दिसतो. चांभाराची आरी आणि रापी दिसते. सोनाराची फुंकणी दिसते. हत्यारे पाहिली की माणसाच्या धंद्यावर आपला विश्वास बसतो. माडीवर गेलो तर टेबलावर एक लॅपटॉप, एक वही, पाण्याची बाटली आणि वीज गेली तर असावी म्हणून एक बॅटरीची पेटी. बस!

“हत्यारं कुठं आहेत गं तुझी?” मी विचारले.

ती हसली. “सगळी यातच आहेत, सर. आणि यात म्हणजे यातही नाहीत. बसा, दाखवते. आधी तुमचं काय झालं ते सांगा.”

मी पत्त्यांची हकिगत सांगितली. मला वाटले होते, तीही हसेल. ती हसली नाही. डॉक्टर नाडी पाहताना करतात तसा चेहरा करून तिने विचारले, “नाव कोणाच्या नावावर होतं? आणि नूतनीकरणाची आठवण कोणत्या ईमेलवर यायची?”

तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की संकेतस्थळाचे नाव विकत मिळतच नाही, ते भाड्याने मिळते. जास्तीत जास्त दहा वर्षांचे भाडे एकदम भरता येते, एरवी वर्षाच्या वर्षाला. मुदत संपली की काही दिवस सवलतीचे असतात. त्यानंतर काही दिवस दंड भरून नाव सोडवता येते. तोही काळ उलटला की ते नाव बाजारात पडते, आणि अशा पडलेल्या, पण लोकांच्या ओळखीच्या नावांवर टपून बसलेले लोक जगभर आहेत. नावाची जुनी पुण्याई वापरून ते त्यावर आपला जुगार चालवतात. आठवणीची पत्रे येत होतीच. ती माझ्या एका जुन्या ईमेलवर येत होती, आणि ते ईमेल मी कित्येक वर्षांत उघडलेले नव्हते. म्हणजे दोष ना स्नेह्याचा, ना चोराचा. सातबारा माझा, सारा भरायचा मी विसरलो!

“एक मिनिट हं, सर,” ती म्हणाली आणि तिने पहिले हत्यार काढले.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ‘इंटरनेट अर्काइव्ह’ नावाची एक संस्था आहे. ब्रूस्टर काल या गृहस्थांनी ती १९९६ साली काढली. जगातली संकेतस्थळे जशी दिसतात तशी त्यांची छायाचित्रे काढल्यासारखी ही संस्था पाने साठवून ठेवते, आणि २००१ सालापासून ‘वेबॅक मशीन’ या नावाने ती कोणालाही फुकट पाहायला मिळतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये या साठ्याने एक लाख कोटी पानांचा टप्पा ओलांडला. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे ही संस्था आपल्या इंटरनेटहून अवघ्या एका वर्षाने धाकटी.

तिने आमच्या जुन्या स्थळाचा पत्ता तिथे घातला. पडद्यावर वर्षांची पट्टी आणि खाली पंचांगासारखे महिने आले. काही तारखांभोवती निळी वर्तुळे. तिने २०१९ सालातल्या एका वर्तुळावर बोट ठेवले. दोन क्षण काहीच झाले नाही. मग आमचे पान उघडले! तीच पिवळसर पार्श्वभूमी, तेच जात्याचे चित्र, आणि खाली पहिली ओवी. वाचकहो, हरवलेले मूल पोलीस चौकीत बिस्कीट खात बसलेले सापडावे, तसे मला झाले.

पण लगेच तिने मला जमिनीवर आणले. “सर, शब्द बरेच मिळतील. आवाजाचं सांगता येत नाही. मोठ्या फायली इथं पुष्कळदा साठत नाहीत.”

ते खरे ठरले. पुढच्या पंधरा दिवसांत तिने ४१२ ओव्यांपैकी ३८६ परत आणल्या. ध्वनिमुद्रण मात्र एकही मिळाले नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

त्या पंधरा दिवसांत मी चारपाच वेळा त्या माडीवर गेलो आणि तिची सारी हत्यारे पाहिली. आपल्या घरातही कोणी मुलगा किंवा मुलगी असा काही उद्योग करू म्हणत असेल. त्यांच्या आईवडिलांना उपयोग व्हावा म्हणून ती इथे मांडतो. मला समजली तशी मांडतो, तेव्हा जाणकारांनी मास्तरकीकडे दुर्लक्ष करावे.

पहिली गोष्ट आराखडा. घर बांधण्याआधी जसा नकाशा, तसे संकेतस्थळ बांधण्याआधी त्याचे चित्र काढतात. त्यासाठी ‘फिग्मा’ नावाचे साधन आहे. तसेच ‘पेनपॉट’ नावाचे दुसरे, जे मुक्त आहे. यात गंमत अशी, की ग्राहकाला दुवा पाठवला की तो आपल्या मोबाइलवर ते चित्र पाहतो आणि जिथे बदल हवा तिथे बोट ठेवून टिपण लिहितो. पूर्वी ग्राहक रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगत, “ताई, ते वरचं जरा खाली घ्या ना.” वरचे म्हणजे कोणते आणि खाली म्हणजे किती, यावर दोन दिवस जात. आता जात नाहीत.

दुसरी गोष्ट बांधकाम. लहान दुकान, शाळा, दवाखाना यांच्यासाठी ती बहुतेक ‘वर्डप्रेस’ वापरते. ही २००३ साली निघालेली मुक्त प्रणाली आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी दोनांच्या पाठीमागे आहे, आणि तिचा कारभार मराठीतूनही चालतो. म्हणजे पुढे मजकूर बदलायचा तर दुकानदार आपला आपण बदलू शकतो, दर वेळी हिच्या जिन्याच्या पायऱ्या चढायला नकोत. मी म्हटले, “मग तुझं उत्पन्न बुडेल की!” ती म्हणाली, “सर, लोकांना अडवून मिळणारं उत्पन्न टिकत नाही. इथं सगळे एकमेकांना ओळखतात.”

तिसरी गोष्ट कामाचे दफ्तर. ‘गिट’ नावाची एक पद्धत लिनस टॉरवाल्ड्स या संगणकतज्ज्ञाने २००५ साली बनवली. कामात केलेला प्रत्येक बदल, तारखेसह आणि कारणासह, तीत नोंदला जातो आणि हव्या त्या दिवसापर्यंत मागे जाता येते. ‘गिटहब’सारख्या ठिकाणी ते दफ्तर ठेवता येते. मी हे ऐकून हळहळलो. माझ्या प्रबंधाच्या वेळी हे असते, तर तिसऱ्या प्रकरणाचा जो पहिला खर्डा मी रागाने फाडला, तो आज हाताशी असता. तो शेवटच्या खर्ड्याहून चांगला होता.

चौथी गोष्ट वेग. या भागात हे फार महत्त्वाचे. शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइल पाहतो. तिथे लहर आली तर नेटवर्क, नाही तर नाही. मोबाइलने काढलेला एकेक फोटो चारपाच एमबीचा असतो. असे दहा फोटो एका पानावर टाकले, की पान उघडेपर्यंत बैल दुसऱ्या तासाला लागतात. ‘स्क्वूश’ नावाच्या फुकट साधनात फोटो टाकला, की डोळ्याला फरक न जाणवता तो पुष्कळ पटींनी हलका होतो, आणि फोटो आपल्या संगणकाबाहेर जातही नाही. मग गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’मध्ये पानाचा पत्ता द्यायचा, ते शंभरपैकी गुण देते आणि कुठे चुकले तेही सांगते. परीक्षक म्हणून मला ते फार आवडले. गुण देणारे पुष्कळ असतात, कुठे चुकले ते सांगणारे थोडे.

पाचवी गोष्ट कुलूप. पत्त्याच्या आधी जे कुलपाचे चिन्ह किंवा ‘सुरक्षित’ अशी खूण येते, त्यासाठी एक प्रमाणपत्र लागते. पूर्वी त्याला चांगले पैसे पडत. २०१५ च्या अखेरीपासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवाभावी व्यवस्था ते जगाला फुकट देते. त्याची मुदत मुद्दामच थोडी ठेवलेली असते आणि ते आपोआप नवे होते. निरनिराळ्या ग्राहकांचे पासवर्ड ती ‘बिटवॉर्डन’ या मुक्त तिजोरीत ठेवते. माझे पासवर्ड मी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहितो, हे मी तिला सांगितले नाही.

आता माझ्या विषयाची गोष्ट, अक्षरांची. तिच्याकडे मजकूर येतो तो पुष्कळदा छापखान्यातून, जुन्या ‘श्रीलिपी’ किंवा ‘कृतिदेव’ पद्धतीत टंकलेला. तो संकेतस्थळावर चिकटवला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची चिवडाचिवड दिसते. तो युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने आता सहज मिळतात. पण पालटताना जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-वेलांट्या कुठे कुठे घसरतात. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ तर हमखास बिघडतो. तिथे डोळ्याने वाचावेच लागते. शुद्धलेखनाचे मी घेतलेले तास तिला तिथे उपयोगी पडले, असे ती म्हणाली. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत शुद्धलेखनाबद्दल आभार मानणारी ती पहिलीच!

दुसरे असे, की मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात काढलेल्या निर्णयात ही मराठी वळणे निश्चित केली आहेत. पानाच्या पोटात ‘ही भाषा मराठी आहे’ एवढी एक सूचना लिहिली, तर चांगला टंक आपण होऊन मराठी वळण दाखवतो. ही सूचना लिहायला एक ओळही लागत नाही. तरी कितीतरी मराठी संकेतस्थळे ती लिहीत नाहीत. टंकही फुकट आणि उत्तम मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे टंक गूगलच्या संग्रहातून कोणालाही वापरता येतात. एवढेच काय, २०१४ च्या ऑगस्टपासून पत्ताही देवनागरीत घेता येतो, शेवटी ‘.भारत’ लावून.

आता पैशाची गोष्ट, कारण धंदा म्हणजे शेवटी तीच. वहीतली कामे ती ‘ट्रेलो’ नावाच्या फळ्यावर लावते. करायचे, चालू, झाले, असे तीन रकाने. चिठ्ठी या रकान्यातून त्या रकान्यात सरकते. बिल ‘झोहो इन्व्हॉइस’वर बनते, ते फुकट आहे. ही झोहो कंपनी मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण तिने २०११ च्या सुमारास तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या एका खेड्यात आपले कार्यालय थाटले आणि तिथून जगाला साधने विकली. दिग्रसच्या माणसाने हे लक्षात ठेवावे. पैसे येतात यूपीआयने. २०१६ साली ही व्यवस्था सुरू झाली नसती, तर अशा धंद्यातल्या लहान लहान रकमा वसूल करायला हिला गावोगाव हिंडावे लागले असते.

सरकारदरबारी तिने ‘उद्यम’ नोंदणी केली आहे. १ जुलै २०२० पासून ती संकेतस्थळावरच होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारा दलाल भेटला तर त्याला वाटेला लावावे. या नोंदणीचा खरा उपयोग असा, की २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला आपल्या राज्यात सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही.

“आणि तरीही कोणी पैसे बुडवले तर?” मी विचारले.

“बुडवतात ना, सर. पहिल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकानं बुडवले. ओळखीचे होते, म्हणून मी काही लिहूनच घेतलं नव्हतं. तेव्हापासून दोन नियम केले. काम काय ते आधी लिहून, आणि निम्मे पैसे आधी. ओळखीचे असले तर जास्तच.”

माझ्या काळजात थोडे चर्र झाले, कारण माझे काम सुरू होऊन आठवडा लोटला होता आणि आमच्यात पैशाचा शब्दही निघाला नव्हता. गुरूकडून शिष्याने पैसे घ्यावेत की नाही, याचा निर्णय कोणत्या स्मृतीत आहे? मी मनाशी म्हणालो, पोरगी काही घेणार नाही. आणि लगेच मनाशीच शरमलो. डॉक्टर झालेला विद्यार्थी फी घेत नाही म्हणून आपण त्याच्याचकडे जातो, हे प्राध्यापक मंडळींचे जुने दुखणे आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर बिल आले. एकूण १२,५०० रुपये, निम्मे आगाऊ. खाली कामाची यादी: ओव्यांची पुनर्प्राप्ती, नवे नाव पाच वर्षांसाठी, दोन ईमेलांची नोंद, मुद्रितशोधन. आणि शेवटी एक ओळ, ‘जुन्या विद्यार्थिनीची सवलत: शून्य’. खाली हसरा चेहरा.

खरे सांगतो, क्षणभर रागच आला. मग मी यादी पुन्हा वाचली. हिशेब केला. पंधरा दिवसांचे काम, डोळ्यांत तेल घालून. मी तिला बी. ए. ला शिकवले त्याचा पगार मला मिळाला होता. तो तिच्याकडून पुन्हा का वसूल करावा? मी पैसे पाठवले. दोन सेकंदांत पोचल्याची पावती आली. त्या पावतीने मला जरा मोकळे वाटले. आता मी तिचा मास्तर नव्हतो, गिऱ्हाईक होतो. आणि गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायला संकोच नसतो.

म्हणून मी विचारले, “पोरी, ही सगळी हत्यारं परक्याच्या घरातली. उद्या त्यांनी दार लावलं तर?”

“लावतात, सर. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, लाखो लोकांची पानं गेली. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं. गूगलनं नावं विकायचा धंदा २०२३ मध्ये दुसऱ्याला देऊन टाकला. म्हणून फुकट वापरायचं, पण विसंबायचं नाही. ज्यातून आपला माल काढून नेता येतो तेच हत्यार घ्यायचं. आणि प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.” मग ती जरा थांबून म्हणाली, “सर, तुमच्या त्या मुद्रणांच्या मूळ फायली कुठं होत्या?”

“महाविद्यालयाच्या संगणकावर. तो संगणक मागेच भंगारात गेला.”

“म्हणजे एकच प्रत.”

“एकच.”

ती काही बोलली नाही. खिडकीतून खालच्या बाजाराचा आवाज येत होता. मला एकेक आवाज आठवू लागला. एक आजी ओवी म्हणताना दर वेळी शेवटच्या शब्दाआधी थांबायची, जणू जात्यात नवा घास टाकतेय. ते थांबणे कागदावर उतरत नाही. शब्द मिळाले होते, थांबणे गेले होते. आणि ते परत आणणारे हत्यार जगात कोणाकडेच नव्हते.

मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “एक आहे, सर. दुसऱ्या वर्षाला असताना मी माझ्या आजीच्या ओव्या आणून दिल्या होत्या तुम्हाला. आठवतं? ते मुद्रण माझ्या मोबाइलवरचं होतं. मी ठेवलं होतं. तीन ठिकाणी.”

तिने ते लावले. अडीच मिनिटांचे. म्हातारी गाते, मध्येच खोकते, कोणाला तरी ‘चहा ठेव वं’ म्हणते आणि पुन्हा गाऊ लागते. मी चष्मा काढून पुसत बसलो. दाराशी कोणी उभे आहे हे आम्हा दोघांनाही उशिरा कळले. खालून तिचे वडील आले होते. हातात चहाचे दोन कप तसेच. ते म्हणाले, “हे तं मायचा आवाज आये.” आणि कप खाली ठेवून तिथेच जमिनीवर बसले. “पुन्हा लाव,” ते म्हणाले. तिने पुन्हा लावले. मग तिसऱ्यांदा.

जिना उतरताना त्यांनी मला तिला समजावण्याबद्दल काहीच विचारले नाही. मीच म्हटले, “भाऊ, पुण्याचं काय करायचं?” त्यांनी नुसता हात हलवला. त्या हाताचा अर्थ मी लावत बसलो नाही. पुण्याला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी नावे ठेवीत नाही. पोट ज्या गावी नेईल ते गाव चांगले. पण जिला इथेच राहून जगता येते, आणि जगताना गावाचे चार हरवलेले शब्द परत आणता येतात, तिला जा म्हणण्याचा अधिकार मला नाही, एवढे मला त्या दिवशी कळले.

आता वाचकांना एक विनंती. तुमच्या शाळेचे, मंडळाचे, वाचनालयाचे किंवा कुटुंबाचे संकेतस्थळ असेल, तर या दिवाळीत तीन कामे करा. त्याचे नाव कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या तारखेला संपते, ते पाहा. आठवणीची पत्रे जिवंत ईमेलवर येतात का, ते पाहा. आणि त्या अमेरिकेतल्या संग्रहात ‘हे पान आता साठवा’ अशी सोय आहे, तिथे आपला पत्ता एकदा घाला. फराळाच्या ताटाएवढाही वेळ लागत नाही. आजीआजोबांचे आवाज मोबाइलवर असतील तर त्यांच्या तीन प्रती करा. हे काम मात्र आजच करा, फराळ मागाहून.

यंदाच्या दसऱ्याला मी आपट्याची पाने घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. दुकानात पूजा मांडलेली होती. वजनकाटा, खातेवही, फवारणीचा पंप, शटरचे कुलूप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले. त्या रांगेत शेवटी तो लॅपटॉप! वडील चिमटीत कुंकू घेऊन वाकलेले, आणि मुलगी कासावीस होऊन मागून सांगत होती, “बाबा, थोडंच लावजा. चाव्यांत जाईन.”

वडिलांनी बेताने एक बोट टेकवले. मग मागे वळून तिला विचारले, “बाकीचे हत्यारं कुठी हायेत तुये? त्याईची पूजा नाई करा लागत?”

ती माझ्याकडे पाहून हसू लागली. उत्तर देण्याची पाळी माझी आहे असे पाहून मी आपट्याची पाने पुढे केली आणि म्हणालो, “भाऊ, सोनं घ्या.”